मामांना प्रिंटर कशाला हवा

सॉल्टपॉन्ड, ११ जानेवारी

चि. अराबा हिस मामाचे आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. तुझा मामा जोसेफ कोबिना अमिसा हा आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकवून निवृत्त झालेला हेडमास्तर आहे. त्याने अंगठ्याने टाइप करावं आणि उत्तर म्हणून पिवळं हसरं तोंड यावं, हे मला पटत नाही. शिवाय मी फोनवर बोललो की शेजारच्या दोन घरांना ऐकू जातं, आणि हा विषय खाजगी आहे.

मला घरी लेझर प्रिंटर घ्यायचा आहे.

तू तेमाला बंदरावरच्या त्या माल सोडवणाऱ्या कंपनीचं ऑफिस सांभाळतेस. चार माणसं, एक खोली आणि दिवसभर कागदच कागद. म्हणून तुलाच विचारतो. इथे चौकशी करून पाहिली. चर्चचा सेक्रेटरी म्हणाला, "सर, रंगीतच घ्या. काळापांढरा घेतलात तर लोकांना वाटेल पेन्शन थांबली." दुकानदार म्हणाला, शाईवाला घ्या, स्वस्त आहे. मी म्हटलं, मग तुम्ही दुकानात लेझर का ठेवलाय? तर म्हणतो, "शाईवाला मला परवडत नाही, सर." या माणसाला मीच पाचवीत पास केलं होतं.

प्रिंटर चर्चच्या कमिटीचं इतिवृत्त आणि किरकोळ पत्रव्यवहार यासाठीच हवा आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापता आलं पाहिजे. मधोमध घडी घालून पुस्तिका करता आली पाहिजे. जाडसर मलईरंगी कागद त्याला पेलला पाहिजे. अक्षर घामट हाताने पुसलं जाता कामा नये. आणि मुख्य म्हणजे, मी लिहिलेलं आणि छापलेलं यांच्या मध्ये दुसरा कोणी माणूस येता कामा नये.

यातलं काहीही तुझ्या आईला सांगू नकोस. माझी सख्खी बहीण असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझा मामा

·

तेमा, १९ जानेवारी

ती. मामांस सा. न.

बसच्या ड्रायव्हरने लिफाफा हातात ठेवला तेव्हा मी तो उभ्याउभ्याच फाडला. मला वाटलं कोणी गेलं. आत बघते तर प्रिंटर.

शाईवाला अजिबात घेऊ नका. तुम्ही छापणार महिन्यातून एकदा, तोवर तुमच्या समुद्राच्या वाऱ्यात शाई वाळून बसणार. मग प्रिंटर स्वतःची तोंडं धुण्यातच निम्मी शाई संपवतो. लेझरमध्ये कोरडी भुकटी असते, टोनर. सहा महिने पडून राहिला तरी तो रुसत नाही.

पण लेझर घेताना दुकानदार यंत्राची किंमत सांगतो, तिच्यावर जाऊ नका. यंत्र म्हणजे लग्न, टोनर म्हणजे संसार. बरोबर जो टोनर फुकट देतात तो अर्धामुर्धाच भरलेला असतो. आमच्या साहेबांनी मागच्या वर्षी सगळ्यात स्वस्त प्रिंटर आणला, आणि आता त्याचा टोनर फक्त ते स्वतः कपाटातून काढून देतात, कुलूप उघडून. काही यंत्रांना पुन्हा भरलेला टोनर चालत नाही, ओळखतात आणि बंद पडतात. काहींत टोनरबरोबर ड्रमही, म्हणजे भुकटी कागदावर उमटवणारा रूळही, बदलावा लागतो आणि ते कोणी आधी सांगत नाही.

म्हणून मला आधी सांगा. महिन्याला किती पानं? वीज कशी आहे, दिवे मंद-तेज होतात का? लेझर गरम होताना एकदम खूप वीज ओढतो. तुमच्या त्या छोट्या बॅटरीवर लावलात तर बॅटरीचा आणि तुमचा, दोघांचाही जीव जाईल. आणि दोन्ही बाजूंना तो आपोआप छापायला हवा, की कागद उलटवायला तुम्ही उभे राहाल?

आणखी एक. चर्चच्या इतिवृत्ताला जाड मलईरंगी कागद कशाला लागतो, मामा?

अराबा

·

सॉल्टपॉन्ड, २ फेब्रुवारी

चि. अराबास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात 'सहा महिने पडून राहिला' असं आहे. सहा महिने न वापरता पडून राहणारं यंत्र घेणारा माणूस मी आहे असं तुला वाटतं, याची नोंद घेतली.

आता एक वाईट बातमी. गुप्तता संपली. दुकानदाराने ब्रू मंडळींना सांगितलं.

तुला माहीतच आहे, तुझी मामी एकुआ ही ब्रूंची लेक. तिचा थोरला भाऊ कोव ब्रू हा त्या कुटुंबाचा प्रमुख. गावातल्या बहुतेक संस्थांचा तो अध्यक्ष आहे. उरलेल्यांनी त्याला अजून विचारलं नाही, एवढंच. मी राहतो ते घर एकुआने पावाच्या भट्टीवर कमावून बांधलं, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे ती गेल्यावर ते तिच्या माहेरचं झालं. मी तिथे राहतो तो कोव ब्रूच्या मर्जीने. ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नाही, फक्त आला की भिंतींवरून हात फिरवतो.

तर त्याने अंगणात सभा बोलावली. आधी पूर्वजांना दारू वाहिली, त्यांना प्रिंटरबद्दल सांगितलं. मग प्रश्न निघाला की यंत्र अमिसांचं असेल की ब्रूंचं. मी म्हटलं, माझ्या पेन्शनमधून घेतोय, माझं. कोव म्हणाला, "मास्तर, यंत्र ठेवणार कुठे? आमच्या घरात. मग ते एकट्याचं कसं?" एका आत्याबाईंनी विचारलं, ते खातं काय? कोणीतरी म्हणालं, वीज. "मग बिल कोण भरणार?" यावर दुपार गेली.

शेवटी खरेदी समिती नेमली. जागा ठरवायला वेगळी समिती, उद्‌घाटनाला तिसरी. उद्‌घाटन समितीत सगळ्यात जास्त लोकांनी नावं दिली. कोव म्हणाला, आपल्या घराण्याची इभ्रत काळ्यापांढऱ्यात मावणार नाही, रंगीत पाहिजे. मग हॅम्बुर्गला कोवच्या पुतण्याला, फिफीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. फिफी म्हणाला, "काका, काही घेऊ नका, माझ्या कंपनीत मोठं यंत्र मोडीत काढतायत, अगदी नव्यासारखं आहे, मी कंटेनरमधून पाठवतो." टाळ्या झाल्या.

मोडीत का काढतायत, हे मी विचारलं. तोवर उद्‌घाटनाच्या शीतपेयांची चर्चा सुरू झाली होती.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: महिन्याला पानं फार नाहीत, पण एकदा एकाच वेळी पुष्कळ लागतील. वीज लहरी आहे. कागद मी उभा राहून उलटवीन. मलईरंगी कागदाचा प्रश्न गैरलागू आहे.

मामा

·

तेमा, १० फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

आता मी स्पष्ट विचारते, रागावू नका.

मी आईला एक अक्षर बोललेले नाही. पण आईला सॉल्टपॉन्डहून रोज दोन फोन येतात, माझी गरजच काय. तुम्ही दुकानात मलईरंगी कागद बोटांनी चोळून पाहत होतात, ही बातमी तिला तुमच्या आधी पोचली असेल. तुमच्याबरोबर हॅगर एशुन होत्या, जंक्शनवर पाव विकतात त्या. दोघं डोक्याला डोकं लावून काहीतरी वाचत होतात. तुम्ही म्हणालात, "हा शब्द नको, तिला शोभत नाही." आणि त्या हसल्या. मग रविवारी चर्च सुटल्यावर तुम्ही त्यांच्या भट्टीकडे गेलात ते संध्याकाळी बाहेर पडलात. वही काखेत.

आई परवापासून जेवत नाहीये. म्हणजे जेवते, पण सुस्कारे टाकत. "अडुसष्टाव्या वर्षी! एकुआला जाऊन वर्ष झालं नाही आणि लग्नाच्या पत्रिका छापायला प्रिंटर घेतोय! निदान छापखान्यात तरी द्यायच्या, घरी छापून पैसे कसले वाचवतो!" मी म्हटलं, आई, राग नक्की कशाचा आहे, लग्नाचा की घरी छापण्याचा? तर म्हणाली, दोन्हीचा.

मामा, तुम्हाला लग्न करायचं असेल तर करा. हॅगरमावशी चांगल्या आहेत, त्यांचा पाव तर मामींच्या खालोखाल चांगला. पण मला 'इतिवृत्त' म्हणून गुंडाळू नका. मी चार वर्षं कस्टमच्या लोकांशी बोलते. कोण काय लपवतंय ते मला वासावरून कळतं.

अराबा

·

सॉल्टपॉन्ड, १७ फेब्रुवारी

चि. अराबास,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस हॅगरच्या भट्टीवरून गेलो नाही, लांबून गेलो. मग तिनेच हटकलं. "हेडमास्तर, चुकून आलात की वाट विसरलात?" मी तिला पत्र दाखवलं. ती इतकी हसली की पिठाची परात पालथी झाली. म्हणाली, "तुमच्याशी लग्न? रोज माझं व्याकरण सुधारून घ्यायला?"

असो. आता खरं लिहितो.

गेल्या वर्षी एकुआच्या अंत्यविधीला ती चकचकीत पुस्तिका वाटली होती. ती ब्रू मंडळींनी काढली, गावातल्या एका छापखान्यातून. मला त्यात हात घालू दिला नाही. 'तुम्ही दुःखात आहात, मास्तर' म्हणाले. पहिल्या पानावर कोव ब्रूचा फोटो आणि संदेश. पुढे फिफी, बर्फात उभा. मग परदेशातल्या जावयांची नावं, पदव्यांसकट. एकुआचं चरित्र त्यानंतर आलं. त्यात असं छापलं होतं: 'दिवंगतांनी गावच्या संघाचे गोलरक्षक म्हणून अनेक सामने गाजवले. त्यांचे डावे पाऊल विशेष प्रसिद्ध होते.'

छापखानेवाल्याने आधीच्या कोणाच्या तरी पुस्तिकेत फक्त नाव बदललं होतं. तेही दोन ठिकाणी राहिलं.

चर्च गच्च भरलेलं होतं. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका. मी वाट पाहत बसलो, की आता कोणीतरी दचकेल, कोणीतरी हसेल तरी. कोणी मान वर केली नाही. मग पाळक उठले आणि तेच वाचून दाखवू लागले. 'डावे पाऊल विशेष प्रसिद्ध होते,' असं ते म्हणाले. आणि लोक म्हणाले, आमेन.

मी उठून ओरडायला हवं होतं, असं तुला वाटेल. मला वाटलं, मी ओरडलो तर तिच्या शेवटच्या दिवसाचा तमाशा होईल. म्हणून बसून राहिलो.

आणि तिचा फोटो! तिला त्यांनी गोरी केली होती, अराबा. केळ्याच्या सालीसारखी पिवळटगोरी. छापखानेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांनाच करतो, सर, त्याचे वेगळे पैसे घेत नाही."

मे महिन्यात वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे. मला तिची पुस्तिका पुन्हा छापायची आहे. खरी. एकही चूक नसलेली. छापखान्यात दिली तर तिथून काय होऊन बाहेर येईल सांगता येत नाही, म्हणून प्रिंटर.

हॅगर कशाला, तर ती एकुआबरोबर भट्टीवर राबायची. घरातली एकुआ मला माहीत होती, भट्टीवरची नाही. ती बेडकाला घाबरायची, पावसाळ्यात मला आधी न्हाणीघरात पाठवायची, हे मला ठाऊक. पण पिठाच्या व्यापाऱ्याने वजनात मारलं तेव्हा ती त्याच्या पोत्यांवर ठाण मांडून बसली आणि पुन्हा तोलून घेतल्याशिवाय उठली नाही, हे मला हॅगरने सांगितलं. आणि ती शिटी वाजवायची म्हणे. पाव भट्टीत सरकवताना, अख्खी भजनं, शिटीवर. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिची शिटी एकदाही ऐकली नाही. घरी ती हेडमास्तरची बायको होती ना.

आता सांग, कोणता प्रिंटर घेऊ?

मामा

·

तेमा, १ मार्च

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने काचेच्या कपाटातून मामींची पुस्तिका काढली. वर्षभर कपबश्यांच्या मागे उभी करून ठेवलेली, आल्यागेल्याला दिसेल अशी. आतली पानं एकमेकांना चिकटलेली होती, सुरीने सोडवावी लागली. आई ते पान वाचत गेली, थांबली, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "डावं पाऊल? एकुआचं?" आणि रडायला लागली. रडता रडता हसायला लागली, आणि मग तिला पाणी द्यावं लागलं. हॅगरमावशींना तिने नमस्कार सांगितलाय. फोन करणाऱ्या दोघींना तिने काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

प्रिंटर मी ठरवला. काळापांढरा लेझर, लहान, एकाच कामाचा. फॅक्स नको, स्कॅन नको. जितकी कामं जास्त, तितकी बिघडायची निमित्तं जास्त. वायरलेस नको, तारेने जोडा, तुमच्याकडे राउटर म्हणजे हवामान, कधी चालेल नेम नाही. टोनर आणि ड्रम वेगळे आहेत, आणि भरलेला टोनर तो मुकाट्याने घेतो. मागच्या बाजूला सरळ कागद घालायची फट आहे, जाड कागद तिथूनच द्या, म्हणजे तो वळणात अडकणार नाही. स्टॅबिलायझरही पाठवते.

रंगीत का नाही ते सांगते. तुम्ही फोटो पाठवलात ना, भट्टीपुढचा, रस्त्यावरच्या फोटोग्राफरने काढलेला, मामींच्या कोपरापर्यंत पीठ? तो मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून पाहिला. मामा, या यंत्राकडे काळा रंग सोडून दुसरं काही नाहीच. त्याला कोणाला गोरं करता येत नाही. त्याने मामींना होत्या तशा छापल्या. पीठ तेवढं पांढरं आलं.

साहेबांनी विचारलं, कोण या? मी म्हटलं, माझ्या मामी. ते म्हणाले, फार कडक दिसतात. मी म्हटलं, पिठाच्या व्यापाऱ्यांशी होत्या.

खोकं शनिवारच्या बसने येईल. कोव मामांना दिसू देऊ नका.

अराबा

·

सॉल्टपॉन्ड, ६ एप्रिल

चि. अराबास आशीर्वाद.

खोकं सुखरूप आलं. स्टँडवरून सरळ हॅगरच्या भट्टीत नेलं, आता ते पिठाच्या पोत्यांमागे आहे. कोणी विचारलं तर पावाचं नवं यंत्र आहे असं ती सांगते.

आणि हॅम्बुर्गचं यंत्रही आलं.

फ्रीज आडवा करून त्यावर दुसरा फ्रीज ठेवावा, तसं आहे. ट्रकमधून उतरवायला कोळ्यांची अख्खी होडी बोलवावी लागली. जाळं ओढताना गातात ते गाणं म्हणतच त्यांनी ते ओढलं. कोवच्या बैठकीच्या दारातून आत जाईना. जागा समितीने दार पाडायचा ठराव केला, आणि दार खरंच पाडलं. उद्‌घाटनाला पाळक, फीत, शीतपेयं. कोवने बटण दाबलं. अख्ख्या गल्लीतले दिवे गेले. वीज परत आली तेव्हा यंत्राने पडद्यावर जर्मनमध्ये काहीतरी लिहिलं आणि एकच पान बाहेर टाकलं, तेही जर्मनमध्ये. कोवने ते चौकटीत बसवून भिंतीला लावलंय. फिफीला फोन केला, तो म्हणाला, "काका, ते टोनर मागतंय. तो टोनर आता जगात कोणी बनवत नाही."

इथवर मला मजा वाटत होती.

पण मी एक चूक केली. चूक म्हणजे, रीत पाळली. एकुआ त्यांची लेक, म्हणून पुस्तिकेचा मजकूर छापण्याआधी कोवला नेऊन दिला. त्याने सभा बोलावली आणि भाचीकडून तो मोठ्याने वाचून घेतला. बेडकाशी आल्यावर हात वर केला. "बेडूक? ब्रूंची बाई बेडकाला घाबरत नाही." शिटीवर तर आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "आमच्या मुली शिट्या वाजवत नाहीत!" पोत्यांवर बसणं अशोभनीय ठरलं. त्याऐवजी काय घालावं तेही सांगितलं: सद्‌गुणी, दानशूर, ईश्वराला भिणारी. मी म्हटलं, हे तर कुठल्याही बाईबद्दल लिहिता येतं. कोव म्हणाला, "म्हणून तर ते चांगलं, मास्तर."

सभा संपल्यावर तो माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. भिंतीवरून हात फिरवला. या वेळी बोललासुद्धा. "घर बहिणीचं आहे. तुम्ही आमचे पाहुणे आहात, आणि पाहुण्याने यजमानाची शोभा करू नये. तो बेडूक छापलात, तर पावसाळ्याआधी दुसरी जागा बघा."

मी इथे तिच्या दारात बसून लिहितोय. माझ्याकडे पेन्शन आहे आणि पुस्तकांच्या दोन पेट्या. या वयात दुसऱ्याच्या खोलीत जाऊन राहायची मला भीती वाटते, हे तुलाच सांगतो. सद्‌गुणी, दानशूर लिहून टाकावं, असंही एकदा मनात आलं.

मामा

·

तेमा, १२ एप्रिल

मामा,

छापा.

मी आणि आई दोघींनी ठरवलं आहे. इथे मागची खोली तुमची. आई म्हणते, पुस्तकांच्या पेट्या घेऊन या, पण व्याकरण सॉल्टपॉन्डलाच ठेवून या.

कागद समुद्राच्या हवेने दमट होतो आणि मग आत गोळा होऊन अडकतो. छापण्याआधी गठ्ठे रात्रभर भट्टीच्या कोमट भिंतीला टेकवून ठेवा, आगीजवळ नाही. पहिलं पान साध्या कागदावर काढून बघा, उलटी बाजू उलटीच येते की नाही ते. पानांचे क्रमांक पाहा. आणि बेडूक ठळक अक्षरांत नको, साधाच असू दे.

अराबा

·

सॉल्टपॉन्ड, ७ मे

चि. अराबास अनेक आशीर्वाद.

ताप आल्याने तू प्रार्थनेला येऊ शकली नाहीस, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुझी आई आली होती आणि तिने तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. तिचं थोडं कमी करून वाच.

आम्ही भट्टीतच छापलं. हॅगर कागद भिंतीपाशी शेकायची, मी मागच्या फटीतून एकेक पान द्यायचो. एक बाजू झाली की गठ्ठा उलटा करून दुसरी. पहिल्या खेपेला सातवं पान दुसऱ्याच्या पाठीवर उलटं आलं आणि मी स्वतःलाच शून्य गुण दिले. दोनदा वीज गेली. हॅगर म्हणाली, "एकुआ असती तर एवढ्यात दोन भट्ट्या पाव काढले असते." तरी झाल्या. पुस्तिकांना ताज्या पावाचा वास येत होता. ते तुझ्या यंत्राच्या कामांच्या यादीत नाही.

रविवारी सगळे रीतीप्रमाणे काळंपांढरं कापड नेसून आले होते. हॅम्बुर्गचं यंत्र मुकंच राहिलं, म्हणून ब्रू मंडळींकडे वाटायला काही नव्हतं. मी आणि तुझी आई दारात उभे राहून पुस्तिका देत होतो. कोव आला. मी त्याच्याही हातात दिली. त्याने मुखपृष्ठावरचा फोटो बराच वेळ पाहिला. मग पुस्तिका काखेत धरून पुढच्या बाकाकडे गेला.

मग मी बसलो, आणि तो आवाज ऐकला. पानं उलटण्याचा. एरवी आपल्या चर्चमध्ये पुस्तिका हलवतात ती वारा घ्यायला. त्या दिवशी कोणी वारा घेत नव्हतं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं, तो पिठाचा व्यापारी होता. "बसली होती, खरंच बसली होती," असं शेजाऱ्याला सांगत होता. मग बायकांच्या बाजूने हुंदका आला आणि पुन्हा हसू. पाळकांनी वाचून दाखवायला सुरुवात केली. शिटीच्या ओळीपाशी ते अडखळले आणि कोव ब्रूकडे पाहू लागले. तेवढ्यात हॅगर उभी राहिली आणि तिने एकुआचं आवडतं भजन शिटीवर वाजवलं. चर्चमध्ये, अराबा! पाळकांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे आपण पाहिलं नाही असं नंतर म्हणता यावं.

मी घरी येऊन पुस्तकं पेट्यांत भरायला घेतली.

बुधवारी सकाळी कोव ब्रू दारात. एकटाच, हातात छडी, अंगावर मोठं कापड गुंडाळलेलं. मी म्हटलं, आठवडाभर द्या, मी जातो. तो म्हणाला, "कुठे जाताय? बसा." स्वतः एकुआच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लिहा."

"काय लिहू?"

"माझी पुस्तिका. मी गेल्यावर पोरं काय छापतील देव जाणे. आत्ताच करून ठेवा. आणि बारा पानं झाली पाहिजेत."

मी वही घेतली. त्याने अध्यक्षपदं सांगितली. कोळ्यांची सोसायटी, शाळेचं मंडळ, नाल्याची समिती, प्रिंटर समिती. सगळी लिहून घेतली. एक पानही भरलं नाही.

मी म्हटलं, "या झाल्या खुर्च्या. आता खुर्चीतून उठून काय केलंत ते सांगा."

त्याने छडी उचलली. मला वाटलं रागावला, आता छडी आपटणार. पण त्याने ती खिडकीबाहेर, खाडीकडे रोखली. मग म्हणाला, "एकुआ तिसरीत होती, तेव्हा खाडीवरचा लाकडी पूल पुरात गेला. मी तिला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचो. पाणी छातीपर्यंत यायचं. ती वरून दप्तर डोक्यावर धरायची, आणि माझ्या कानात ओरडायची, बेडूक, बेडूक, लवकर चल."

माझं पेन थांबलं. मी विचारलं, "मग तुम्ही कुठल्या वर्गात होतात?"

"मी शाळेबाहेर बदामाच्या झाडाखाली बसायचो, सुटेपर्यंत. दोघांची फी भरायची ऐपत नव्हती. बापाने विचारलं, कोण जाणार? मी म्हटलं, ती जाऊ दे, तिला आवडतं."

अराबा, मी हेडमास्तर माणूस. मुलाने पुस्तक कसं धरलंय यावरून त्याला वाचता येतं की नाही हे मला कळतं, असं मी आयुष्यभर सांगत आलो. या माणसाशेजारी मी लग्नापासून बसतो आहे. 'भाची, तू वाच,' 'मास्तर, तुम्ही वाचा,' हे मी त्याचं अध्यक्षपण समजत होतो. त्या गोलरक्षकाच्या पुस्तिकेवरून मी वर्षभर त्याचा द्वेष केला, की स्वतःच्या बहिणीचं एक पानही याने वाचलं नाही. आणि एकुआने मला कधीच काही सांगितलं नाही. त्याने तिला शपथ घातली असणार.

तो म्हणाला, "रविवारी सगळे हसत होते, ते कुठल्या ओळीला? मला वाचून दाखवा."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पोत्यांपाशी तो हसला. बेडकापाशी त्याने पुन्हा वाचायला लावलं.

मग मी वही पुढे ओढली आणि म्हटलं, "खाडीची गोष्ट तुमच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर घालतो."

"नको," तो म्हणाला. "माझ्यात खुर्च्याच राहू द्या, लोकांना त्याच माहीत आहेत. हे तिच्यात घाला."

मी पुस्तकं पेटीतून काढून परत फळीवर लावली. प्रिंटर भट्टीतून घरी आणला आहे. कोव शेजारी बसून यंत्र गरम व्हायची वाट पाहत होता. नवं पान बाहेर आलं तेव्हा त्याने ते उचललं, अजून कोमट होतं, आणि मला विचारलं, "यात खांदा कुठे लिहिलाय?" मी बोट ठेवून दाखवला.

टोनर फिका पडायला लागलाय. येणाऱ्या बसने एक पाठव.

तुझा मामा